दोन फोटो शेजारी ठेवले म्हणून अंतर मोजता येत नाही

संशोधन प्रस्तावांत एक पद्धत हमखास दिसते, मग विषय किनाऱ्याचा असो, नदीचा असो की हिमनदीचा. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा फोटो मिळवायचा, आज त्याच जागी जाऊन दुसरा काढायचा, दोन्ही शेजारी ठेवायचे आणि ‘किनारा अमुक मीटर आत सरकला’ असं लिहून टाकायचं. बदल झालाय हे फोटोत दिसतंच, त्यावर वाद नाही. अडचण ‘अमुक मीटर’ या शब्दांत आहे.

फोटो म्हणजे काय, इथून सुरुवात करू. कॅमेऱ्याला अंतर कळत नाही, त्याला फक्त दिशा कळते. एखाद्या बिंदूकडून आलेला किरण कोणत्या कोनात आला एवढंच पिक्सेलमध्ये नोंदवलं जातं. तो २० मीटरवरून आला की २ किलोमीटरवरून, ही माहिती फोटो काढताक्षणी गेलेली असते. गणितात लिहायचं तर वस्तूचा फोटोतला आकार म्हणजे फोकल लेंथ गुणिले खरा आकार, भागिले अंतर. एका समीकरणात तीन गोष्टी अज्ञात, आणि हातात येतं फक्त उत्तर.

आता आकडे घालून बघू. समजा फोनच्या कॅमेऱ्याची फोकल लेंथ पिक्सेलच्या भाषेत ३००० आहे (साध्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला साधारण इतकीच येते). तुम्ही सपाट वाळूवर उभे आहात, फोन डोळ्यासमोर, म्हणजे जमिनीपासून १.६० मीटरवर धरलाय. समोर ५० मीटरवर पाण्याची कड आहे. फोटोत ती क्षितिजाच्या खाली किती पिक्सेलवर येईल? ३००० गुणिले १.६० भागिले ५०, म्हणजे ९६ पिक्सेल.

दहा वर्षांनी दुसरा कोणीतरी तिथेच उभा राहतो, पण माणसं मध्ये येतायत म्हणून हात थोडा वर करून फोन १.९२ मीटरवर धरतो. आता पाण्याची कड ६० मीटरवर आहे. हिशोब करा: ३००० गुणिले १.९२ भागिले ६०. पुन्हा ९६! किनारा १० मीटर सरकला आणि फोटोत एक पिक्सेलचाही फरक नाही. उलटंही तितकंच खरं: किनारा जागचा हलला नाही, फक्त हात ३२ सेंटिमीटर वर गेला, तरी फोटोत आठ-दहा मीटरचा ‘बदल’ दिसेल. जुना फोटो काढणारा किती उंच होता, उभा होता की बसलेला, हे कुणी लिहून ठेवलंय का?

(क्षितिज फोटोत दिसत असेल तर हे सोपं उदाहरण. ते दिसत नसेल तर फोन एक अंश वर-खाली झुकला तरी सगळं चित्र ५० एक पिक्सेल सरकतं. मग बोलायलाच नको.)

यावर लगेच उत्तर येतं, ‘पण फोटोत ओळखीची वस्तू आहे ना, तिच्यावरून स्केल काढू.’ बरं. १२ मीटर उंचीचा एक माड घ्या आणि त्याच्या मागे ५०० मीटरवर २० मीटरचं दीपगृह. माडापासून ६० मीटरवर उभं राहून फोटो काढला तर माड ६०० पिक्सेलचा येतो, दीपगृह सुमारे १०७ चं. आता मागे सरकून माडापासून १२० मीटरवर जा आणि दुप्पट झूम करा. माड पुन्हा बरोबर ६०० पिक्सेल, पण दीपगृह १९४! माडावरून स्केल लावली तर एका फोटोत दीपगृह २.१ मीटरचं ठरतं, दुसऱ्यात ३.९ मीटरचं. दोन्ही उत्तरं हास्यास्पद, आणि आपसांतही जुळत नाहीत. ओळखीच्या वस्तूची स्केल फक्त तिच्याइतक्याच खोलीवर असलेल्या वस्तूंना लागू होते. ती मागच्या किंवा पुढच्या वस्तूंना लावता येत नाही.

झूम किती होता हे फोटोच्या आत नोंदलेलं असतं, पण फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर ती नोंद पुसलेली असते आणि फोटोही लहान केलेला असतो. वर्तमानपत्रातला जुना फोटो तर पानाच्या जागेनुसार कापलेला असतो.

किनाऱ्याच्या बाबतीत अजून एक गंमत आहे, ती कॅमेऱ्याची नाही. पाण्याची कड म्हणजे किनारा नव्हे. वाळूचा उतार ५० ला १ असेल तर पाणी एक मीटर चढलं की कड ५० मीटर आत येते. मुंबईला मोठ्या उधाणाच्या भरती-ओहोटीत ४ मीटरच्या वर फरक पडतो. म्हणजे जुना फोटो ओहोटीचा आणि नवा भरतीचा असेल, तर तुमची सगळी ‘धूप’ सहा तासांत झालेली असू शकते. मे महिन्यातली वाळू आणि ऑगस्टमधली वाळू यांची तुलना हा तर वेगळाच विषय.

मग फोटोग्रामेट्री हे शास्त्र कशावर उभं आहे? तिथेही अनेक फोटोच असतात की! असतात, पण तिथे कॅमेऱ्याची जागा, दिशा आणि लेन्सचे दोष आधी शोधले जातात. दोन कॅमेऱ्यांत १ मीटरचं मोजलेलं अंतर असेल तर ६० मीटरवरची वस्तू दोन फोटोंत ५० पिक्सेल सरकलेली दिसते, त्यावरून अंतर निघतं. तरी मर्यादा आहेच. एका पिक्सेलची चूक ६० मीटरवर सव्वा मीटरची होते. ३०० मीटरवर तीच चूक ३३ मीटरची. अंतर पाचपट, चूक जवळपास पंचवीसपट.

ड्रोनच्या शंभर फोटोंवरून सॉफ्टवेअर सुंदर त्रिमितीय मॉडेल बनवतं, तेव्हाही मीटर आपोआप येत नाहीत. अख्खं दृश्य दहापट मोठं केलं आणि कॅमेऱ्यांमधली अंतरंही दहापट केली, तर फोटो हुबेहूब तेच येतात. सिनेमात खेळण्यातल्या इमारती खऱ्या वाटतात त्या याच कारणाने. म्हणून जमिनीवर मोजलेले खुणेचे बिंदू किंवा कॅमेऱ्याची जीपीएस जागा, काहीतरी बाहेरून द्यावंच लागतं.

हे सगळं नीट केल्याचं मला आवडलेलं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातला कोस्टस्नॅप. २०१७ मध्ये सिडनीच्या मॅनली आणि नॅराबीन किनाऱ्यांवर तो सुरू झाला. तिथे फोन ठेवायला एक पक्की खोबण बसवली आहे. येणारे-जाणारे त्यात फोन ठेवून फोटो काढतात आणि पाठवतात. फोन कोणताही असो, जागा आणि दिशा कायम. मग मोजलेल्या खुणांवरून फोटो नकाशावर बसवतात, आणि त्या वेळेची भरतीची पातळी हिशोबात घेतात. खोबण स्वस्तातली आहे. मेहनत त्या खुणा मोजण्यात आहे.

तुमच्याकडे असा सेटअप नाही, फक्त एक जुना फोटो आहे. तर आधी तो काढणाऱ्याची जागा शोधा. फोटोत जवळची एक आणि लांबची एक, अशा न हललेल्या वस्तूंची जोडी निवडा, उदाहरणार्थ देवळाचा कळस आणि त्याच्या मागची डोंगराची खाच. तिथे जाऊन त्या दोन्ही फोटोतल्यासारख्या एका रेषेत येईपर्यंत डावीकडे-उजवीकडे सरका. तुम्ही आता त्या रेषेवर आहात. दुसऱ्या दिशेला अशीच दुसरी जोडी पकडा. दोन रेषा जिथे छेदतात ती जागा, आणि त्या जोड्या जुळवताना तुम्ही जितके पुढे-मागे झुलत होता तितकी तुमची अनिश्चितता. ती फितीने मोजा आणि आकड्याच्या शेजारी लिहा.