मासा खात नसेल, तर आधी पाणी बघा



आपल्या टेंभुर्णीच्या शिवारात काय किंवा द्राक्षांसाठी नाव झालेल्या कडवंचीत काय, शेततळं आता नवलाचं राहिलेलं नाही. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि मोसंबीच्या बागेशेजारी तळी दिसू लागली. त्याच पाण्यात रोहू, कटला, मृगळ सोडले की बचत गटाला जोडधंदा मिळतो. पण या धंद्यात मोठा खर्च खाद्याचा असतो. म्हणून आज आपण एकच प्रश्न घेऊ. पेंड-कोंडा रोज टाकतोय, तरी मासा वाढत का नाही?

त्याची कारणं अनेक असतात. त्यातलं सहज नजरेतून सुटणारं कारण म्हणजे ताण. हो, माशालाही ताण येतो!

मासा घाबरला, जाळ्यात अडकला, त्याला श्वास पुरेना झाला की मेंदूकडून इशारा जातो. पहिल्या काही क्षणांत अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं आणि मासा उसळी मारून पळतो. त्यामागून काही मिनिटांत दुसरं संप्रेरक वाढतं, त्याचं नाव कॉर्टिसॉल. आपल्याही अंगात ते असतं. आपल्याकडे ते मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथीत तयार होतं. माशात अशी वेगळी ग्रंथी नसते, डोक्याजवळच्या मूत्रपिंडातल्या पेशीच ते तयार करतात.

कॉर्टिसॉल वाईट नाही. संकटात ते अंगातली साठवलेली ताकद मोकळी करतं. संकट टळलं की ते पुन्हा खाली येतं. पण ताण रोजचाच झाला तर? घरात आजारपण लांबलं की खोली बांधायला ठेवलेले पैसे दवाखान्यात जातात, तसंच माशाचं होतं. वाढीसाठीची ताकद जीव वाचवण्यात खर्च होते. वाढीच्या संप्रेरकाचं काम मंदावतं, भूक मरते. रोगाशी लढायची ताकदही घटते, मग अंगावर उवा आणि लाल चट्टे दिसू लागतात.

वागणंही बदलतं. मासे एका कोपऱ्यात गोळा होतात, सावली पडली तरी सैरावैरा पळतात, खाद्याकडे फिरकत नाहीत. अशा वेळी 'कमी पडत असेल' म्हणून आणखी खाद्य टाकलं की ते तळाशी कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, आणि ताण आणखी वाढतो. पैसाही गेला आणि पाणीही बिघडलं.

मग काय करायचं?

गर्दी टाळा. ३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे सुमारे ९ गुंठे पाणी. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली या हिशोबाने त्यात ४५० ते ९०० पुरेत.

बोटुकली आणल्यावर पिशवी लगेच फोडू नका. १५-२० मिनिटं ती तळ्यात तरंगू द्या. मग तळ्याचं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला आणि मासे आपणहून बाहेर जाऊ द्या. सोडायला सकाळ किंवा संध्याकाळची थंड वेळ बरी.

खाद्य मोजून द्या. ४५० मासे सरासरी २०० ग्रॅमचे असतील तर एकूण वजन ९० किलो. त्याच्या २ टक्के म्हणजे दिवसाला १ किलो ८०० ग्रॅम. खाद्य परातीत घालून ती दोरीने पाण्यात सोडा आणि दोन तासांनी वर ओढून बघा. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करा.

पहाटे तळ्यावर चक्कर मारा. रात्रभर मासे आणि शेवाळ दोघंही प्राणवायू वापरतात, म्हणून सूर्य उगवण्याआधी तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर त्या दिवशी खाद्य बंद ठेवा. मोटर लावून पाणी उंचावरून तळ्यातच पडू द्या. आभाळ भरून आलेल्या दिवसांतही खाद्यावर हात आखडता ठेवा.

वाढ बघायला जाळं टाकायचं तर थंड वेळी टाका. ओल्या हाताने चार-सहा मासे धरा, वजन करा आणि लगेच सोडा. आज जाळं, उद्या जाळं, असं करू नका.

कपाशीवर फवारलेला पंप तळ्यात धुऊ नका, घरच्यांनाही तसं बजावून ठेवा.

आणि उन्हाळ्याचं गणित आधीच मांडा. बागेला पाणी सुरू झालं की तळं उतरतं, पाणी तापतं आणि तेवढ्याच माशांना जागा कमी पडते. घरातल्या माणसांशी बसून पाणी किती आणि कधीपर्यंत राहील ते ठरवा, आणि पाणी फार खाली जाण्याआधीच मोठे मासे विकायला काढा.

तळं आपल्या नावावर असो वा नसो, पहाटेची चक्कर आणि दोन तासांनी परात वर ओढणं हे गटातल्या कोणत्याही बाईला जमण्यासारखं आहे. पाळ्या लावून घ्या. वहीत रोज तीन गोष्टी लिहा: खाद्य किती टाकलं, किती उरलं, मासे कसे वागले. महिनाभरात ही वहीच सांगेल की तुमचा पैसा माशाच्या अंगी लागतोय की तळाच्या गाळात जातोय.