बांबूची मोळी आणि परवान्याचं पुस्तक

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की धानोरा यायच्या थोडं आधी मेंढा लागतं. शेजारच्या लेखा गावामुळे त्याचं नाव मेंढा-लेखा असंच पडलं आहे. पाचशेच्या आसपास वस्तीचं हे गोंड गाव. भोवती सागाचं, बांबूचं दाट जंगल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही याच गावाची घोषणा. सरकार म्हटलं की जमीन आली, आणि जमिनीमागोमाग तिजोरीही. मेंढ्याने दोन्हींसाठी तीसेक वर्षं चिकाटी धरली.

जमीनदारी १९५०च्या दशकात गेली आणि जंगलावर वनखातं आलं. ज्या बांबूवर गावाचं घर, कुंपण, टोपली सगळं चालायचं, तोच कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने दिला गेला. गावाचा निस्तार, म्हणजे घरगुती वापराचा हक्क, जुन्या कागदांत होता. प्रत्यक्षात मात्र लाकूड आणलं की ती चोरी ठरे. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सोबती, तसंच मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे कार्यकर्ते यांनी अभ्यासगट बसवून हा गुंता उलगडला. गावात निर्णय मतदानाने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचीही हरकत असली तर विषय पुढच्या बैठकीला जातो. हे वेळखाऊ आहे खरं. पण पैशाच्या व्यवहारात तोच वेळ पुढे गावाच्या कामी आला.

वनहक्क कायदा २००६चा. त्याखाली गावाने सामूहिक दावा केला आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क मान्य झाला. देशात हा मान सर्वांत आधी मिळालेल्या गावांत मेंढा आणि त्याच जिल्ह्यातलं मर्दा ही दोन नावं आहेत.

हक्क मिळाला, पण बांबू गावाबाहेर निघेना. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, त्यावर ग्रामसभेची मालकी आहे. तरी ट्रक रस्त्यावर आला की वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या हातात. १९२७चा भारतीय वन कायदा बांबूला झाडांत मोजत होता, तेवढा आधार खात्याला पुरेसा होता. मालक ग्रामसभा, पण परवान्याविना गिऱ्हाईक माल उचलणार कसा?

अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले, सोबत मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते. त्या दिवशी परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बारीक छापलेली, क्रमांक घातलेली पानं. कोणाचा माल, किती नग, कोणत्या गाडीतून, कुठे जाणार, एवढंच त्यावर लिहायचं. पण ते लिहिणारा हात आता गावाचा होता. पुढच्या वर्षी, २०१२मध्ये, केंद्राने नियमांतच दुरुस्ती करून परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे किंवा ग्रामसभेने नेमलेल्या माणसाकडे सोपवलं. गावाने आधी करून दाखवलं आणि नियम मागून आला, ही गोष्ट फार मोलाची आहे.

मग सुरू झाला हिशेब. बांबूची विक्री कोटीच्या घरात गेली. ग्रामसभेच्या नावाने बँकेत खातं आणि पॅन क्रमांक आले, मजुरीचा व ठेकेदारांचा हिशेब लिहिला जाऊ लागला. मजुरीतला एक वाटा गावकरी ग्रामकोषात घालतात. सरकारकडूनही आता वाट निघाली आहे: आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के वाटा २०१५पासून पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याच्या, क्षेत्रातल्या गावांना थेट मिळू लागला. पण ते वरून येणारं. बांबूचा पैसा गावाच्या घामाचा, म्हणून त्यावर गावाची नजरही अधिक कडक. कूपातून, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यातून, बांबू किती तोडायचा, कोंब किती राखायचे, हे बैठकीत ठरतं. तोड जास्त झाली तर पुढच्या हंगामातली मजुरीच कमी होणार हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

जंगलाचा हक्क मिळाल्यावर लोक शांत बसले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण २०१३मध्ये त्यांनी स्वतःची शेतंच ग्रामदानात दिली. महाराष्ट्र ग्रामदान कायदा १९६४चा, जवळजवळ विसरलेला. त्याखाली जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसणारा मात्र तीच जमीन कसत राहतो, त्याची मुलंही कसतात. गावाबाहेरच्या माणसाला ती विकता येत नाही. धानाचा बांध कालचाच असतो, नांगरही तोच. बदलतो तो सातबाऱ्यावरचा मालकाचा रकाना.