सी-ए-टी म्हणजे ‘कॅट’ कसे?

इंग्रजी स्पेलिंगला नियम नाही, ते नुसते घोकायचे असते, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. हे अर्धेच खरे आहे.

मराठीत ‘क’ या अक्षराचे नाव तोच त्याचा उच्चार. इंग्रजीत नाव वेगळे आणि ध्वनी वेगळा. ‘सी-ए-टी’ कितीही भरभर म्हणा, ‘कॅट’ होत नाही. ‘क’, ‘ॲ’, ‘ट’ हे ध्वनी जुळवावे लागतात. ही फोड कळली नाही तर पाठ केलेले शब्द तेवढे येतात, नवा शब्द दिसला की जीभ अडते.

सी या अक्षराचेच पाहा. त्यापुढे ई, आय किंवा वाय आले तर उच्चार बहुधा ‘स’, एरवी ‘क’. म्हणून ‘सिटी’, पण ‘कप’. ‘सायकल’मध्ये तर दोन्ही आहेत. यात परके वाटण्यासारखे काही नाही. आपली चिंच घ्या ना! तिच्यातला पहिला च ‘चिमणी’तला, दुसरा ‘चाक’मधला. पण ‘चिंचेचे झाड’ म्हटले की पुढच्या ‘ए’मुळे तो दुसराही चिमणीतला होतो. हा नियम आपण कोणत्या इयत्तेत पाठ केला?

शेवटचा मुका ई स्वतः बोलत नाही, मागच्या स्वराला त्याचे नाव उच्चारायला लावतो. ‘कॅप’चे ‘केप’ होते, ‘पिन’चे ‘पाइन’. ‘गिव्ह’ला हे लागू नाही. तिथला ई केवळ शब्द व्ही या अक्षरावर संपू नये म्हणून आलेला.

‘नाइफ’मधला के मात्र एके काळी खरोखर उच्चारला जाई. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला. पुढे छापील लेखन हळूहळू स्थिरावले, बोलणे बदलत राहिले.

आमचे आईवडील पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीला जातात. मागे घर सांभाळणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचे शिक्षण दहावीच्या इंग्रजीपाशी थांबले. यंदा दिवाळीत मी भाचीला हे ध्वनी शिकवीत होते. ताई भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, “अगं, आम्हाला असं फोडून कुणी सांगितलंच नाही.” आणि लगेच विचारले, “मग ‘वन’मध्ये व कुठंय?”

प्रश्न रास्त होता. ‘वन’चा जुना उच्चार ओकारी होता. त्याच शब्दापासून झालेल्या ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’मध्ये तो आजही ऐकू येतो. व नंतर बोलण्यात आला, स्पेलिंगमध्ये त्याला जागा मिळाली नाही.