घशात रुतलेला काटा

न्हावा आणि शेवा या गावांची नावे १९८९ साली सुरू झालेल्या बंदरामुळे जगभर पोहोचली. परंतु येथील आगरी-कोळी घरांच्या ताटात आजही मासळीचा मान मोठा आहे. मासळी म्हटली की काटा आलाच.

घास गिळताना जीभ तो मागे सारते, स्वरयंत्रावरील झडप श्वासमार्ग झाकते आणि घास सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेत उतरतो. ही केवळ पोकळ नळी नव्हे. तिच्या स्नायूंच्या लाटा घास पुढे ढकलतात, म्हणूनच आडवे पडूनही आपण गिळू शकतो. जठरातील आम्ल व पाचकरस त्याची लापशी करतात आणि ती थोडीथोडी लहान आतड्यात जाते.

बारीक काटा बहुधा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततो. मोठा काटा अन्ननलिकेच्या अरुंद जागी अडकतो : तिच्या आरंभी, महाधमनीच्या कमानीजवळ किंवा श्वासपटलापाशी.

अशा वेळी कोरड्या भाताचा गोळा गिळण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. कधी काटा सुटतोही; म्हणूनच तो सल्ला टिकून आहे. परंतु रुतलेला काटा त्यामुळे अधिक खोल जाऊ शकतो. अन्ननलिकेला छिद्र पडल्यास जंतुसंसर्ग छातीत पसरून प्राणावर बेतते. टोचणे थांबत नसेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. लाळही गिळता येत नसेल, छातीत दुखत असेल वा ताप आला असेल तर तत्काळ रुग्णालय गाठावे. दुर्बिणीच्या साहाय्याने काटा काढता येतो. त्यासाठी पोट रिकामे असलेले बरे, म्हणून निघण्यापूर्वी काहीही खाऊ नये.