रस्ता उघडणारी माणसं

शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याकडून सिटी चौकाकडे निघालं की कुठे ना कुठे रस्ता खोदून बुजवलेला दिसतोच. कधी जलवाहिनीचं काम, कधी ड्रेनेजचं. आपण त्यावरून बिनदिक्कत गाडी घालतो. राज्य राखीव पोलीस दलातला माझ्या ओळखीचा एक जवान मात्र अशा ठिगळापाशी थबकतो आणि कडेने वळसा घालून पुढे जातो. गडचिरोलीच्या बंदोबस्तावरून सुट्टीला आला होता, पोरांचे कपडे घ्यायला आम्ही बाजारात निघालो होतो. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माती नवी दिसली की पाय आपोआप थांबतो, भाऊ. इथं काही नसतं हे मलाही कळतं."

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, सातारा परिसरात, राखीव दलाच्या गट क्रमांक १४ चं मुख्यालय आहे. राखीव दलाच्या कंपन्या माओवाद्यांविरुद्धच्या बंदोबस्तासाठी आळीपाळीने गडचिरोलीला जातात. तो जिल्हा इथून सहाशे किलोमीटरहून लांब असला, तरी तिथल्या स्फोटांच्या बातम्या मराठवाड्यातल्या घरांपर्यंत पोचतात. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जे १५ जवान गेले, त्यांत एक बीडच्या पाटोद्याचा होता, एक हिंगोलीच्या औंढा भागातला. म्हणून रस्त्याखालचा सुरुंग म्हणजे नेमकं काय, त्याच्याशी जवान कसा झुंजतो आणि "परिस्थिती सुधारली" असं तो कधी म्हणतो, हे इथल्या माणसाने नीट समजून घ्यावं असं मला वाटतं.

सुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सैन्याने पेरलेलं सुरुंगक्षेत्र येतं. मराठवाड्याच्या इतिहासात तेही आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईत सोलापूरकडून हैदराबादच्या दिशेने निघालेल्या भारतीय फौजेला जहिराबादच्या वाटेवर अशाच सुरुंगांमुळे थांबावं लागलं. ते काढून मगच फौज पुढे सरकली. तिथे हिशेब सरळ असतो. एक पट्टा आहे, तो एकदा साफ केला की वाट मोकळी. गडचिरोलीत असा पट्टाच नसतो. शंभर किलोमीटरच्या रस्त्यावर एकच जागा असेल, नाहीतर एकही नसेल. ती काल नव्हती आणि आज असेल, किंवा रस्ता बांधला तेव्हापासून असेल. जवानाला शंभर किलोमीटर शोधावे लागतात. पेरणाऱ्याला एकच मीटर पुरतो.

जागा रस्त्यावरच का निवडतात, याचंही कारण आहे. जंगलात जवान विखरून चालतात. त्यांना एकदम गाठणं अवघड. गाडीत मात्र दहा-पंधरा जण दाटीवाटीने बसलेले असतात आणि गाडी ठरल्या वाटेनेच जाते. त्यात नाला आला की मोरी आली. मोरी आधीच पोकळ असते, वर डांबर शाबूत दिसतं, आणि चढ-वळणामुळे गाडीचा वेगही तिथे मंदावतो. गडचिरोलीत तर दर थोड्या अंतरावर ओढा नाहीतर नाला. काही ठिकाणी रस्त्याच्या कडेने आडवं बीळ खणून थेट डांबराखाली पोचल्याचं तपासात आढळलं आहे. छत्तीसगडच्या दंतेवाड्यात अरणपूरजवळ २६ एप्रिल २०२३ ला १० जवान आणि गाडीचा चालक गेले, ते अशाच स्फोटात. वरून पाहणाऱ्याला रस्ता अखंड दिसत होता.

स्फोट होतो तोही ढोबळमानाने दोन तऱ्हांनी. एकात वजन पडलं की तो आपोआप होतो. त्यात गाडी कुणाची, पाय कुणाचा, याला अर्थ नसतो. गुराखी असो, सरपणाला निघालेली बाई असो, बैल असो. दुसऱ्यात कुणीतरी दूर दबा धरून बसलेला असतो, गाडी ओळखतो आणि मग घडवतो. जवानांच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा. पहिल्यात वस्तू शोधायची असते, दुसऱ्यात माणूस. आणि माणूस बसलेला असेल तर त्याच्यापर्यंत जाणारी काहीतरी खूण रस्त्याबाहेर, झाडीत असणारच.

"रोड ओपनिंग" हे काम त्यामुळेच रस्त्यापेक्षा रस्त्याच्या बाजूला जास्त चालतं. जवानांच्या बोलीत आरओपी. पहाटे दोन तुकड्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, झाडीत बऱ्याच आतून, रस्त्याला समांतर चालू लागतात. त्यांचं लक्ष बसलेल्या माणसावर, दबलेल्या गवतावर, उकरलेल्या मातीवर. त्या पुढे सरकल्या की मधून बॉम्बशोधक व नाशक पथक येतं. प्रत्येक मोरीत वाकून बघायचं, कडेची माती तपासायची, शंका आली की कुत्र्याला हुंगायला लावायचं. धातुशोधक यंत्र असतं, पण त्याच्यावर विसंबता येत नाही. बाटलीचं झाकण, तुटका खिळा, पत्र्याचा तुकडा, सगळ्यालाच ते वाजतं. लोहखनिज असलेल्या जमिनीत ते आणखी गोंधळतं, आणि गडचिरोलीतल्या सुरजागडच्या परिसरात जमीनच लोहखनिजाची. कुत्र्याचं नाक यंत्रापेक्षा भरवशाचं, पण एप्रिल-मेच्या उन्हात कुत्रं लवकर दमतं, त्याला सावली आणि पाणी द्यावंच लागतं. काही सापडलं तर ते उचलत नाहीत. शक्यतो जागच्या जागीच नष्ट करतात.

इतकं करून रस्ता "उघडा" राहतो तो त्यावर माणसं उभी आहेत तोवरच. तुकड्या परतल्या की रस्ता पुन्हा बंद समजायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. बाहेरच्या माणसाला हे वेळखाऊ वाटतं, आणि खरा धोका तिथेच आहे. कंटाळा, उशीर, वरून आलेला "लवकर पोचा" हा निरोप. या कामात प्राण जातात ते बहुतेक वेळा घाईत.

१ मे २०१९ चा क्रम पाहा. आदल्या रात्री कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहनं माओवाद्यांनी जाळली. सकाळी बातमी फुटली. दुपारी कुरखेड्याहून शीघ्र कृती पथक खासगी टेम्पोतून तिकडे निघालं. जांभुळखेड्याजवळ लेंढारी नाल्यापाशी स्फोट झाला. १५ जवान आणि गाडीचा चालक, कुणीही वाचलं नाही. महाराष्ट्र दिनाची झेंडावंदनं नुकतीच आटोपली होती. जाळपोळ मोठी करायची, पोलीस धावत येतील अशी वेळ साधायची आणि त्यांच्या वाटेवर थांबायचं, ही जुनी चाल. जंगलात गाडीने जायचं नाही, रस्ता उघडल्याशिवाय तर नाहीच, हा नियम लिहिलेला होता. याच जिल्ह्यात ११ मे २०१४ ला चामोर्शी तालुक्यात पावीमुरांडाजवळ सी-६० या जिल्हा पोलिसांच्या खास पथकाचे ७ जवान गाडीसकट गेले होते. त्याआधी २७ मार्च २०१२ ला धानोरा तालुक्यात पुस्टोलाजवळ केंद्रीय राखीव दलाची बस उडाली, १२ जण गेले. धडा माहीत असूनही तो तिसऱ्यांदा गिरवावा लागला, याचा राग मला आजही येतो. नियम जवानाला माहीत असतो. पाठवणाऱ्याने तो पाळावा लागतो.

चिलखती गाड्या का देत नाहीत, हा प्रश्न दर स्फोटानंतर विचारला जातो. दिल्या आहेत. सुरुंगरोधक गाडीचं बूड सपाट नसतं, इंग्रजी व्ही अक्षरासारखं निमुळतं असतं, म्हणजे खालून आलेला दाब दोन्ही बाजूंना फाकतो. ही रचना १९७० च्या दशकात ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या लढायांत आकाराला आली. इराकमध्ये रस्त्यावरच्या बॉम्बनी हैराण झालेल्या अमेरिकी सैन्याने २००७ पासून तशाच गाड्या हजारोंनी नेल्या. आपल्याकडे मेदकच्या कारखान्यात त्या बनतात. पण प्रत्येक गाडीची सोसण्याची एक हद्द असते. समोरचा स्फोटकं वाढवत गेला की ती हद्द ओलांडली जाते. ३ सप्टेंबर २००५ ला छत्तीसगडच्या विजापूर भागात अशी गाडीच उडवली गेली आणि २४ जवान गेले. त्यानंतर जवानांच्या मनात या गाडीबद्दल जे बसलं ते अजून गेलेलं नाही. माझा जवान मित्र म्हणाला, "ती गाडी गोळीपासून वाचवते, ते ठीक. पण आत बसलं की बाहेरचं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. पायी असलं की निदान डोळे आपले असतात."

पायी चालण्यावरच सी-६० उभं राहिलं. १९९० मध्ये गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी हे पथक उभारलं. सुरुवातीला साठ जवान, म्हणून हे नाव. स्थानिक मुलं घेतली, माडिया-गोंडी बोलणारी, रान पायाखालचं असलेली. प्रत्येक तुकडीला तिथे पार्टी म्हणतात आणि ती पार्टी कमांडरच्या नावाने ओळखली जाते. पाठीवर शिधा घेऊन कित्येक दिवस चालायचं, गेलेल्या वाटेने परतायचं नाही. या पथकाची खरी ताकद मला बंदुकीपेक्षा भाषेत दिसते. गावात गेल्यावर म्हातारीशी तिच्या बोलीत चार शब्द बोलता आले, तर पुढच्या नाल्याकडे जाऊ नका हे ती एखाद वेळी सांगते. आणि सांगत नसली तरी कळतं. आठवडी बाजाराच्या दिवशी रस्ता सुना, गुरं चरायला निघालेली नाहीत, पोरं दाराआड, एवढं जवानाला पुरे होतं. इराक-अफगाणिस्तानातल्या सैन्यालाही महागडी यंत्रं घेतल्यावर हाच निष्कर्ष काढावा लागला की पुरलेली वस्तू शोधण्यापेक्षा ती पुरणारं जाळं तोडणं महत्त्वाचं. ते जाळं तुटतं ते गावकऱ्याच्या माहितीवर. आणि गडचिरोलीत "खबरी" ठरवून माओवाद्यांनी कितीतरी आदिवासींचे जीव घेतले. तेव्हा गावाने गप्प राहणं हा जवानावरचा राग असेलच असं नाही. ती स्वतःचा जीव वाचवण्याची रीत असते.

आता प्रगतीबद्दल. सरकारी टिपणात प्रगती म्हणजे किती शरण आले, किती मारले गेले, किती सुरुंग सापडले. हे आकडे खोटे नाहीत. १ जानेवारी २०२५ ला माओवादी नेत्या ताराक्काने मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती आणखी ६० जणांसह गडचिरोलीत शरण आला. चार दशकांच्या लढाईत एवढं मोठं वळण आलं नव्हतं. तरी जवानाचा स्वतःचा मोजमापाचा दांडा वेगळा असतो. सापडलेल्या सुरुंगांची संख्या वाढली, तर शोध चांगला झाला की पेरणी वाढली, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तो पाहतो ते वेगळं. आजारी जवानाला हेलिकॉप्टरची वाट न बघता रुग्णवाहिकेने नेता आलं का? पोलीस मदत केंद्रावर गावकरी दाखला मागायला स्वतःहून येतात का? गडचिरोली पोलिसांच्या "दादालोरा खिडकी"त जातीचा दाखला, आधार कार्ड, शेतीच्या योजना अशा कामांसाठी माणसं रांगेत दिसू लागली, ते जवानाला सापडलेल्या स्फोटकांपेक्षा मोठं वाटतं. दाखल्यासाठी आलेला माणूस उद्या नाल्याबद्दलही बोलेल, अशी त्याला आशा वाटते.

आणि रस्ता. माओवाद्यांनी वाहनं जाळली ती रस्त्याच्या कामावरची, हे पुन्हा आठवा. पक्का रस्ता झाला की खणणं कठीण होतं. काँक्रीटचा थर फोडला तर खूण लपत नाही. नदीवर पूल झाला की पावसाळ्यात गाव तुटत नाही, आणि रस्त्यावर एसटी, ट्रॅक्टर, शाळेची पोरं अशी वर्दळ वाढली की तिथे रात्रभर बसून खणायला निवांतपणा मिळत नाही. म्हणून नवी पोलीस मदत केंद्रं थेट आतल्या भागात उभी राहिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये वांगेतुरीचं केंद्र चोवीस तासांत उभं केलं, पुढे गर्देवाडा, पेनगुंडा, कवंडे. १ जानेवारी २०२५ ला गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी धावली. माझ्या मित्राने तो फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे. त्या रस्त्याच्या बाजूने त्याने आरओपी केली होती, आणि त्याच रस्त्यावर आता तिकीट काढून बायाबापड्या बसतात, हे सांगताना त्याचा आवाज बदलला. "आता आपण पण एसटीनं जाऊ शकतो," तो म्हणाला. मग लगेच, "पण अजून जाऊ देत नाहीत. बरोबर आहे त्यांचं."

बरोबर का, ते एसटी धावल्यावर पाच दिवसांतच छत्तीसगडात दिसलं. ६ जानेवारी २०२५ ला विजापूर जिल्ह्यात कुटरू भागात जवानांची गाडी उडाली, ८ जवान आणि चालक गेले. तो स्फोट खूप आधी, रस्त्याखाली पुरून ठेवलेल्या स्फोटकांचा होता, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं. पेरणारे शरण आले, मारले गेले, पांगले, तरी पुरलेलं जमिनीतच राहतं. वरचा रस्ता नवा आणि गुळगुळीत असला तरी राहतं. म्हणून पुढचं काम शोधाचं आहे आणि ते शरण आलेल्यांशिवाय होणार नाही. कोणत्या नाल्याजवळ, कोणत्या वर्षी, कुणाच्या दलमने, म्हणजे सशस्त्र तुकडीने, काय पुरलं, हे त्यांच्याच डोक्यात आहे. त्यांना सोबत नेऊन जागा दाखवायला लावणं, बॉम्बनाशक पथकाने ती जागच्या जागी निकामी करणं, आणि त्याची गाववार नोंद ठेवणं, हे सावकाश आणि न कंटाळता करायचं काम आहे. पुण्याजवळ तळेगाव दाभाड्याला केंद्रीय राखीव दलाची अशा स्फोटकांचंच प्रशिक्षण देणारी संस्था आहे. तिथली विद्या आता शांततेच्या काळातल्या सफाईसाठी वापरावी लागेल. ही नोंद फक्त पोलिसांच्या कपाटात राहू नये. ती ग्रामसभेला माडिया-गोंडीत वाचून दाखवली पाहिजे. तेंदूच्या हंगामात पानं खुडायला, पावसाळ्याआधी गुरं हाकायला त्या नाल्यांकडे पहिल्यांदा जाणार आहेत ती त्या गावचीच माणसं.