लिंबू म्हणजे विस्तव नव्हे

वस्तीतल्या आरोग्य शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसलो की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "मासे खाल्ले की पोटात जंत होतात का हो?" उत्तर सरळ आहे. नीट शिजवलेल्या माशाने होत नाहीत. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या माशाने होऊ शकतात, आणि त्यातले काही जंत पोटात न राहता यकृतात ठाण मांडतात. हे थायलंडच्या एका भागातील लोकांनी फार मोठी किंमत मोजून जाणले आहे. त्यांची हकीकत आपल्या माताभगिनींनी व बांधवांनी समजून घ्यावी, म्हणून हा लेख.

थायलंडच्या ईशान्येला, लाओस देशाला लागून ईसान नावाचा प्रदेश आहे. भातशेतीवर जगणारा, कष्टकऱ्यांचा, देशातल्या इतर भागांपेक्षा गरीब मुलूख. तेथे ओढ्यातले, तळ्यातले लहान मासे कच्चेच बारीक चेचतात. त्यात लिंबाचा रस, मिरची, सुवासिक पाने आणि भाजलेल्या तांदळाची पूड मिसळतात. या पदार्थाला 'कोई प्ला' म्हणतात. मासा फुकटात किंवा स्वस्तात मिळतो, सरपण लागत नाही, आणि चार माणसे एकत्र बसली की तो हवाच असतो. लिंबाने माशाचा रंग पांढरट होतो, म्हणून तो शिजल्यासारखा वाटतो. पण लिंबाने किंवा मिरचीने आतला जंत मरत नाही.

तो जंत म्हणजे यकृतातला एक चपटा कृमी. शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांना असे चपटे जंत ठाऊक असतील, हा त्यांचाच भाऊबंद. लांबी एक सेंटिमीटरपेक्षा कमी. माशाच्या मांसात त्याची पिल्ले इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. मासा पोटात गेला की ती आतड्यातून पित्तनलिकेत शिरतात आणि तेथे दहा दहा वर्षे राहतात. त्यांची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची विष्ठा पावसाने तळ्यात जाते. पाण्यातल्या छोट्या गोगलगाई ती अंडी खातात. गोगलगाईतून पिल्ले बाहेर येऊन माशाच्या अंगात शिरतात, आणि तोच मासा पुन्हा ताटात येतो. कच्चा मासा खाणारी कुत्रीमांजरेही हे चक्र चालू ठेवतात.

खरा घात पुढे आहे. हा जंत वर्षानुवर्षे काहीच त्रास देत नाही. माणूस शेतात राबतो, मुले वाढवतो. आत मात्र पित्तनलिका सुजत राहते आणि काहींच्या बाबतीत तिचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 साली या कृमीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या वर्गात घातले. ईसानमधील खोन केन भागात पित्तनलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक नोंदले गेले आहे. डोळे पिवळे होऊन माणूस दवाखान्यात पोहोचतो, तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. खोन केन विद्यापीठातील शल्यविशारद डॉ. नारोंग खुन्तिकेव यांचे आई आणि वडील दोघेही याच रोगाने गेले. त्यानंतर गावोगावी सोनोग्राफी करून रोग लवकर पकडण्याच्या कामाला त्यांनी वाहून घेतले.

जंतावर औषध नाही काय? आहे. प्राझिक्वांटेल नावाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली की जंत मरतो. थायलंडच्या सरकारने गावोगावी तपासणी करून ती वाटली. 1980 च्या सुमारास ईशान्य भागातील 100 माणसांत सुमारे 35 जणांना लागण होती. 2009 च्या पाहणीत ती सुमारे 17 वर आली. पण लोकांना पुन्हा पुन्हा लागण होत राहिली. कारण अनेकांनी हिशेब केला की गोळी घेतली म्हणजे पुन्हा कच्चा मासा खायला मोकळे! गोळी आज पोटात असलेला जंत मारते, उद्या येणारा अडवत नाही. जंत मारायचा आणि पुन्हा ओढवून घ्यायचा, या फेऱ्यात पित्तनलिकेची इजा वाढतच जाते.

मग वाट कोणी दाखवली? खोन केनमधील लावा तलावाच्या काठच्या गावांनी. संशोधक बानचोप श्रीपा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे नुसती गोळी दिली नाही. गावातलेच आरोग्य स्वयंसेवक घरोघर फिरले, शाळेतल्या मुलांना जंताचे चक्र शिकवले गेले, गोगलगाई आणि मासे तपासले गेले. सुरुवातीला सरासरी निम्म्या गावकऱ्यांना लागण होती, ती काही वर्षांत त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर आली. तलावातल्या लागण झालेल्या माशांचे प्रमाणही फार खाली आले. लोकांना दोष देत बसण्यापेक्षा लोकांनाच हाताशी धरले, म्हणून हे साधले.

आता आपल्या घराकडे वळू. हा कृमी मुख्यतः थायलंड, लाओस, कंबोडिया व व्हिएतनाम या देशांत आहे. आपल्याकडे मासा कालवणात उकळतो किंवा तव्यावर तळतो, तेव्हा मासे खाणे सोडण्याचे काहीच कारण नाही. मासा हा गरिबाच्या मुलांना ताकद देणारा आहार आहे. एवढे मात्र पाळावे. जाड तुकडा काट्यापर्यंत शिजू द्यावा; आतून गुलाबी, चिकट राहिला तर पुन्हा गॅसवर ठेवावा. मीठ लावलेला किंवा वाळवलेला मासाही शिजवून वा नीट भाजून खावा. घरच्या फ्रिजमधल्या बर्फावर भिस्त ठेवू नये, कारण जंत मारायला उणे 20 अंशांची थंडी सलग 7 दिवस लागते. कच्चा मासा कापलेली सुरी व पाट धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नये. समुद्राच्या माशातही दुसऱ्या जातीचे जंत असतात, तेव्हा शहरातल्या हॉटेलात कच्चा मासा खाण्याची नवी हौस मुलांनी जपून करावी.

आपल्यातली पुष्कळ मंडळी विहारे पाहण्यासाठी थायलंडला जातात. त्यांनी तेथे गरम, शिजलेलेच अन्न घ्यावे. यजमानाने प्रेमाने कच्चा मासा पुढे केला तर हात जोडून नम्रपणे नाही म्हणावे. आणि तेथे असा मासा खाऊन आलेल्याने लाजू नये. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि शौचाची तपासणी करून घ्यावी.