गिरणीतला बदली 'आतला' की 'बाहेरचा'?

प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने ठोकून दिलं होतं: कायम कामगारांच्या युनियन बदली, कंत्राटी आणि बेकार लोकांना वाऱ्यावर सोडतात. आधार होता लिंडबेक आणि स्नोअर यांच्या 'आतले-बाहेरचे' सिद्धांताचा. नोकरीतले 'आतले' स्वतःची मजुरी वाढवून घेतात आणि त्याची किंमत बेकार 'बाहेरचे' मोजतात, असं तो ढोबळमानाने सांगतो. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं, "मग गिरणीतला बदली कुठे बसवणार?"

प्रकरण तिथेच अडकलं.

मुंबईच्या कापड गिरण्यांत बदली कामगार पाळीच्या वेळी गेटवर हजर राहायचा. कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणजे एकाच आठवड्यात माणूस कामगारही आणि बेकारही! शिवाय हितसंबंध सरळ आडवे येतात: कायमवाल्याची रजा ती बदलीची रोजी. सिद्धांत धरून चाललं तर इथे एकजूट होऊच नये.

पण १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपात पगारवाढीसोबत 'बदलींना कायम करा' हीसुद्धा मागणी होती. मला पटलेलं कारण असं, की बदली हा वेगळा वर्ग नव्हताच. बऱ्याच जणांच्या बाबतीत ती कायम होण्याआधीची वर्षं होती. आजचा कायम कामगार एकेकाळी स्वतः गेटवर ताटकळलेला. आता तिथे त्याचा भाऊ नाहीतर गाववाला उभा, जो त्याच्याच खोलीत झोपतो, त्याच खानावळीत जेवतो.

अधिकृत करारांत हे सापडेलच असं नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता आणि संप होता दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. संप फसला, हजारो कायम कामगारच बेकार झाले.

हे स्पष्टीकरण आजच्या कंत्राटी कामगाराला जसंच्या तसं लावू नका. ठेकेदारामार्फत आलेल्याला बहुतेकदा कायम होण्याची वाटच नसते, त्यामुळे शेजारचा कायम कामगार त्याच्यात आपला भूतकाळ पाहत नाही.

मुलाखतीतला माझा पहिला प्रश्न आता "युनियनने काय केलं?" हा नसतो. "तुम्ही स्वतः किती वर्षं बदली होता?" इथून सुरुवात करतो.